राऊतकाकूंचा घास कुठे अडत होता

"सकाळपासून पाण्याचा थेंबही घेतलेला नाही," असं कुणी सांगितलं की मी आधी त्याच्या दातांकडे बघायची. भोपाळात सकाळी पोहे-जिलबी न खाता घराबाहेर पडणं हे माणसाला जड जातं, आणि कोथिंबिरीचं पान खोटं बोलत नाही. कारखान्याच्या फाउंड्रीतल्या एका धिप्पाड गृहस्थांना मी असंच परत पाठवलं, तर म्हणाले, "मैडम, पोहा कोई खाने में थोड़े आता है!"

मी मूळची संशयी नव्हते. अकोल्यात वाढले, नागपूरला एक्स-रेचं शिक्षण घेतलं, लग्न होऊन भोपाळला आले आणि यजमान ज्या सरकारी कारखान्यात होते त्याच्याच टाउनशिपच्या दवाखान्यात नोकरीला लागले. निवृत्तीपर्यंत तिथेच. संशय मला त्या खोलीनं शिकवला. दाराबाहेर लाल दिवा असलेली ती शेवटची खोली. तिला सगळे 'स्क्रीनिंग' म्हणायचे, पुस्तकात तिचं नाव फ्लुरोस्कोपी.

साधा एक्स-रे म्हणजे फोटो. क्षणभर श्वास रोखा, झालं. स्क्रीनिंग म्हणजे चालतं चित्र. माणसाला उभं करायचं किंवा झोपवायचं, एक पांढरं औषध प्यायला द्यायचं आणि ते घशातून, अन्ननळीतून, पोटात कसं उतरतं ते पडद्यावर बघायचं. त्या औषधाला बेरियम म्हणतात. अन्ननळी एरवी एक्स-रेत दिसत नाही, बेरियमनं भरली की दिसते. चव विचाराल तर चुना कालवून त्यात थोडं गुलाबाचं सरबत टाकल्यासारखी. पोटात रिकामी जागा हवी म्हणून उपाशी यायला सांगतात. अन्न असलं तर चित्रात डाग दिसतात आणि डॉक्टरांना कळत नाही की रोग कुठला आणि पोहे कुठले.

संशय दोन्हीकडून असायचा, हे मात्र सांगायला हवं. आम्ही अंगावर शिशाचा जड एप्रन चढवला की लोक विचारायचे, "तुम्ही चिलखत घालता, आणि आम्ही असेच?" प्रश्न रास्त होता. मी सांगायची, तुम्ही इथं आज आलात, पुन्हा कदाचित कधीच येणार नाही. मी रोज येते. किरण पायाखालचं पेडल दाबलेलं असेपर्यंतच असतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसे तेही उरत नाहीत. पण असतात तेवढा वेळ ते असतात, म्हणून डॉक्टर पेडल गरजेपुरतंच दाबतात. "काहीच धोका नाही" असं मी कुणाला कधी सांगितलं नाही. तसं सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, आणि बरोबरच करतात.

कामगारांच्या मनात आणखी एक होतं. स्क्रीनिंगला पाठवलं म्हणजे 'अनफिट' ठरवून घरी बसवण्याचा डाव, असं कारखान्याच्या शॉपमध्ये, यंत्रांपाशी, बोललं जायचं. त्यामुळे माझ्यासमोर येणारा माणूस अर्धा आजारी आणि अर्धा सावध असायचा. पण इतकी वर्षं मी जे संशय पाहिले, त्यात राऊतकाकूंच्या संशयाची सर कशालाच नव्हती.

राऊतकाकू मूळच्या अमरावतीकडच्या. यजमान कारखान्यातच होते, ते गेल्यावर मुलगा विलास तिथं लागला. सोनागिरीच्या बाजूच्या क्वार्टरांत राहायचे. आमचे ब्लॉक जवळजवळ, त्यामुळे हळदीकुंकवाला येणं-जाणं. काकू अंगानं चांगल्या भरलेल्या, आवाज खणखणीत. विलासचं लग्न झालं, संध्या घरात आली. शांत मुलगी, नागपुरात वाढलेली, बोलायला कमी. आणि लग्नाला वर्ष होतं न होतं तोच काकू वाळायला लागल्या.

घास तोंडात जाई आणि छातीशी थांबे. कधी पाणीसुद्धा थांबे. निजल्या की खाल्लेलं तसंच्या तसं तोंडात परत येई, आंबट न होता. वजन इतकं उतरलं की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. कंपाउंडरकडून ऍसिडिटीच्या गोळ्या झाल्या, कुणाचं चूर्ण झालं. मग एका संध्याकाळी ब्लॉकच्या पार्कमध्ये, बायका बसल्या असताना, काकू म्हणाल्या, "थे पोरगी जेवणात काहीतरी घालून राहिली. तिच्या हातचं खाल्लं की घास खाली जात नाही."

हे वाक्य टाउनशिपभर पसरलं. वरच्या मजल्यावरच्या चौबे भाभींनी त्याला तिखटमीठ लावलं. त्यांच्या माहेरी असंच एका सासूचं झालं होतं म्हणे. कुणी शाहपुऱ्याकडच्या एका बाबाचा पत्ता दिला. बाबानं काकूंच्या गळ्यात तांब्याचा ताईत बांधला आणि घरात अंगाऱ्याच्या पुड्या आल्या. पार्कमध्ये संध्या आली की बायका बोलणं थांबवायच्या. भाजीवाल्यापाशी तिच्या पिशवीत कुणी ना कुणी डोकावून बघे. मीही तिच्याकडे बघत असे. माझ्या मनात काय होतं ते सांगते. विषानं असा घास अडत नाही, हे मला माहीत होतं. पण ती काहीतरी लपवते आहे, असंही मला सारखं वाटायचं.

शेवटी विलासनं आईला आमच्या दवाखान्यात आणलं आणि डॉक्टरांनी बेरियम लिहून दिलं.

तपासणीच्या दिवशी विलासची सकाळची शिफ्ट होती, म्हणून संध्या घेऊन आली. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या होत्या. काकूंच्या मांडीवर पाण्याची बाटली, तिचं झाकण त्यांनी मुठीत धरलेलं. बाटली घरून रिकामी आणली होती आणि दवाखान्याच्या नळावर स्वतः भरली होती, पण आज पाणीही चालणार नाही म्हणून नुसती धरून बसल्या होत्या.

"काकू, काही खाल्लं नाही ना?"

"काल दुपारपासून काही नाही. शपथ."

दात स्वच्छ होते. संध्या उठून म्हणाली, "मॅडम, त्यांना उभं राहवत नाही. मी आत येऊन धरू का?"

आत येणाऱ्या प्रत्येक तरुण बाईला मी एक प्रश्न विचारायचीच. मी तिला थोडं बाजूला घेऊन हळू विचारलं, "दिवस तर गेलेले नाहीत ना? शंका असली तरी सांग. पोटात बाळ असेल तर त्या खोलीत उभं राहायचं नाही."

तिनं आधी काकूंकडे बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही."

'नाही' म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या होत्या. ज्यांचं खरंच 'नाही' असतं त्या लाजतात, हसतात, नाहीतर रागावतात. सासूकडे बघून कुणी उत्तर देत नाही. मी म्हटलं, "तू बाहेरच बस. मी धरते त्यांना."

"पण मी नाही म्हटलं ना?"

"तरी बाहेरच बस."

आत आमचे रेडिओलॉजिस्ट डॉ. सक्सेना एप्रन बांधून तयार होते. शांत, मितभाषी माणूस. मी काकूंना गाऊन दिला आणि ताईत काढायला सांगितलं. धातू छातीवर असला तर नेमका अन्ननळीवरच त्याचा ठसा येतो.

काकूंनी ताईत दोन्ही हातांनी झाकला. "हेच तर तिला पाहिजे. ताईत निघाला की झालं."

"काकू, मंगळसूत्र असो, साखळी असो, इथं सगळ्यांचंच काढते मी. मुठीत धरा हवं तर. मूठ कमरेपाशी ठेवा, चित्रात येणार नाही."

त्यावर त्या कशाबशा तयार झाल्या. मग मी बेरियमचा ग्लास पुढे केला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"हे पांढरं काय आहे?"

"बेरियम. पोटात विरघळत नाही, अंगात भिनत नाही, जसं जातं तसं बाहेर पडतं."

"कोणी बनवलं?"

"मीच. आत्ता, तुमच्यासमोर."

"तिनं काही सांगितलं का तुले? बाहेर कोपऱ्यात नेऊन काय बोलत होत्या तुम्ही दोघी?"

बाहेर काय बोलले ते सांगता येत नव्हतं, आणि सांगितलं नाही तर संशय पक्का होत होता. डॉ. सक्सेना काचेमागून बघत होते. मी दुसरा ग्लास घेतला, त्यांच्या ग्लासातलं थोडं त्यात ओतलं आणि त्यांच्यासमोर पिऊन टाकलं. ओठांवर पांढरी मिशी आली असणार.

काकू माझ्याकडे टक लावून बघत राहिल्या. मी पडते की काय याची वाट बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "चांगलं लागते का?"

"अजिबात नाही."

ते उत्तर त्यांना पटलं असावं. खोटं बोलायचं असतं तर मी चांगलं म्हटलं असतं. त्यांनी ग्लास घेतला.

त्यांना उभ्या टेबलाला टेकवून उभं केलं. मी खांदा धरून बाजूला. बत्ती मंद झाली, डॉक्टरांनी पेडल दाबलं आणि टीव्हीसारख्या पडद्यावर काकूंच्या फासळ्या उमटल्या.

"माताजी, एक छोटा घूँट।"

पांढरी धार घशातून खाली आली. निरोगी माणसात ती सरसर जाते, डोळ्याची पापणी लवायच्या आत पोटात. काकूंची धार छातीत आली आणि थांबली. दुसरा घोट तिच्यावर येऊन बसला. अन्ननळी हळूहळू भरत गेली, मनगटाएवढी रुंद दिसायला लागली, आणि खालच्या टोकाला एकदम निमुळती, मुळ्याच्या शेंड्यासारखी. तिथून एक बारीक थेंब पोटात पडला. बाकी सगळं वर उभं. आणि त्या पांढऱ्यात काळे काळे ठिपके तरंगत होते.

डॉक्टरांनी पेडल सोडलं. आवाज चढवून म्हणाले, "माताजी ने खाना खाया है। ये देखिए, पूरा खाना पड़ा है। खाली पेट बोला था न?"

मला माझा राग आला. दात बघूनही फसले! मी काकूंना म्हटलं, "काकू, खरं सांगा, सकाळी काय खाल्लं?"

"काही नाही! देवाशपथ काही नाही!" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "काल दुपारी दोन घास खिचडी. बस."

डॉ. सक्सेना पुन्हा पडद्याकडे वळले. मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "सच कह रही हैं। ये पेट में नहीं है, ऊपर नली में ही है। कल का खाना है। नीचे उतरा ही नहीं।"

मी काकूंना मराठीत समजावलं. अन्ननळीच्या तळाशी एक दार असतं. घास आला की ते उघडतं, एरवी बंद. तुमचं ते उघडतच नाही. कालचा घास अजून तिथंच उभा आहे, पोटाच्या वर. हे बघा.

त्यांनी पडद्याकडे बघितलं. डॉक्टरांनी चित्र थांबवून धरलं होतं. स्वतःच्या छातीत अडकलेलं कालचं जेवण त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "पण कालची खिचडी तर मीच शिजवली होती."

मी त्यांच्या खांद्यावरचा हात तसाच ठेवला.

"आठ-दहा दिवस झाले, मी तिच्या हातचं काही खाल्लंच नाही. शेगडी वेगळी, तांदूळ वेगळे. पाणीसुद्धा मीच भरते." त्यांनी मुठीतल्या ताइताकडे बघितलं. "तरी अडकलं?"

"हो काकू."

कुणाला वाटेल की इथं त्यांचा संशय संपला. तसं होत नसतं. कपडे बदलताना त्यांनी विचारलं, "मग हे दार बंद कशानं झालं? आधी काही खाल्ल्यानं झालं असंन का?" मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की तिथल्या नसा काम करेनाशा होतात, पण त्या का होतात हे नक्की ठाऊक नाही. जेवणात काही घातल्यानं मात्र होत नाही. काकूंनी त्यातलं 'ठाऊक नाही' तेवढं ऐकलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. खरं बोलण्याची ही एक अडचण असते.

मी नेहमीच्या सूचना दिल्या. पाणी घोट-घोट प्या, शौचाला दोनेक दिवस पांढरं होईल, घाबरू नका, फार अवघडलं तर सांगा. निजताना उशी उंच घ्या. पुढे मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीची तपासणी, गाठ नाही ना ते बघतील, मग फुगा घालून ते दार रुंद करतील.

बाहेर आल्यावर काकू संध्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. बाकावर बसल्या आणि ताईत गळ्यात बांधायला लागल्या. संध्या माझ्या मागे-मागे आत आली.

"मॅडम, मी मघाशी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"दिवस गेलेत मला. कुणालाच सांगितलं नाही. यांनाही नाही."

"का ग?"

ती भिंतीकडे बघत बोलली. "आई अंगारा आणतात. स्वतःच्या चहात टाकतात, दारात टाकतात. कळलं की माझ्याही खाण्यात टाकतील. बाबा काय देतो, कुणाला माहीत? मॅडम, त्या माझ्या हातचं खात नाहीत हे साऱ्या टाउनशिपला माहीत आहे. मीही त्यांच्या हातचं खात नाही, हे कुणाला माहीत नाही."

मी खुर्चीत बसले. एका घरात दोन शेगड्या, आणि दोघी उपाशी.

"आज मी आत आले असते तर?" तिनं विचारलं.

"आली नाहीस ना. भिंतीत शिसं आहे, तू पलीकडे होतीस. बाळाला काही झालेलं नाही. पण नवऱ्याला आजच सांग, आणि बाळंतपणाच्या डॉक्टर बाईंच्या ओपीडीत नाव घाल."

तिनं विलासला सांगितलं. विलास साधा माणूस. आईचं ऐकून बायकोवर संशय घेण्याइतका वाईट नव्हता आणि आईला गप्प करण्याइतका खंबीरही नव्हता. पण त्या दिवशी त्यानं घरातल्या सगळ्या पुड्या गोळा करून नाल्यात टाकल्या, असं नंतर कळलं.

काकूंना मोठ्या दवाखान्यात नेलं. गाठ नव्हती. फुग्यानं दार रुंद केलं. काही आठवड्यांनी त्या पुन्हा बेरियमला माझ्याकडे आल्या. या वेळी पांढरी धार छातीत क्षणभर रेंगाळली आणि मग पोटात उतरली. डॉ. सक्सेना सहसा हसत नसत, त्या दिवशी हसले. काकूंनी ग्लासातलं उरलेलंही पिऊन टाकलं. "भूक लागली मले," म्हणाल्या. इतक्या महिन्यांत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

काकू जेवायला लागल्या, गाल भरले. घरात बोलणं मात्र बेताचंच. पार्कमध्ये संध्या आली की बायका अजून गप्प व्हायच्या. टाउनशिपमध्ये काकू बऱ्या झाल्याचा अर्थ सरळ लावला गेला होता: सून पकडली गेली, म्हणून घालणं बंद केलं. चौबे भाभींचं तर ठाम मत होतं की डॉक्टरांनी पोलिसाचं लचांड नको म्हणून रोगाचं नाव पुढे केलं.

सातव्या महिन्यात विलासनं डोहाळजेवण ठरवलं. संध्यानं त्याला सांगितलं, "मी नागपूरला बाळंतपणाला जाईन. परत यायचं की नाही ते, आई त्या दिवशी काय बोलतात त्यावर ठरवीन. ज्या बायकांपुढे बोलल्या, त्यांच्यापुढेच बोलू देत." विलास माझ्याकडे आला होता, काकूंना तुम्ही सांगा म्हणून. मी नकार दिला. हे काम त्याचं होतं. त्यानं ते केलं की नाही, मला माहीत नव्हतं.

डोहाळजेवणाला ब्लॉकमधल्या सगळ्या बायका आल्या. ज्यांनी पिशवीत डोकावलं होतं त्याही. संध्या हिरव्या साडीत, फुलांचे दागिने, मान खाली. ओटी भरून झाली. कुणी गाणं म्हणणार एवढ्यात काकू उभ्या राहिल्या.

"ऐका. मी तुम्हाला सांगितलं होतं, ही माझ्या जेवणात काही घालते. हे खोटं होतं. माझी नळी बिघडली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, या बाई साक्षीला आहेत." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग चौबे भाभींकडे वळून तेच हिंदीत सांगितलं, मोडक्या हिंदीत, पण कुणालाही कळेल इतक्या स्पष्ट. "मेरी बहू ने कुछ नहीं डाला था। मैंने झूठ बोला। अब कोई बोलेगा तो मेरे से बोले।"

काकूंनी ताटातला लाडू उचलून संध्यापुढे धरला. संध्यानं तो घेतला, क्षणभर हातात धरला, काकूंच्या तोंडाकडे बघितलं. मग अर्धा मोडून काकूंना दिला. काकूंनी तो सगळ्यांसमोर खाल्ला. त्यानंतरच संध्यानं आपला अर्धा तोंडात घातला.

बायकांना ते फार गोड वाटलं, दोघी-तिघींनी डोळे पुसले. चौबे भाभी माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "मैडम, सच बताइए, रिपोर्ट में यही था न?" मी म्हटलं, "भाभी, यही था।" त्यांनी मान हलवली, पण हलवण्याची तऱ्हा मला ओळखीची होती.

संध्या नागपूरला गेली आणि मुलगी घेऊन परत आली. बारशाला मी गेले तेव्हा ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. मी सहज विचारलं, "आता ठीक आहे ना सगळं?"

"ठीक आहे." थोडं चालून ती म्हणाली, "पूर्वी आई जेवायला बसल्या की मी स्वयंपाकघरात थांबायची. आता त्यांच्यासमोर बसते. घास खाली उतरेपर्यंत उठत नाही."

"काळजीनं?"

"थोडी काळजी. थोडं लक्ष." ती हसली. "त्याही माझ्या ताटाकडे बघत असतात. पण मॅडम, एकाच पातेल्यातलं जेवतो आता."

आतून बाळ रडलं. पाठोपाठ काकूंचा खणखणीत आवाज आला, "अवं संध्या, दूध तू गरम करते का मी करू?"

"मी करते," संध्या म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.